छत्तीस गुण

लग्ने जुळवण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. वास्तविक शाळामास्तराकडे गावातले लोक हक्काने चौकशीला येतात. "गुरुजी, पोरगी तुमच्या हाताखालनं गेली, सांगा की कशी हाय ती," असे विचारतात. मी गुण सांगतो, हजेरी सांगतो, अक्षर वळणदार आहे असेही सांगतो. पण "आमच्या पोराशी जमंल न्हवं?" हा प्रश्न आला की मी आत चहाची वर्दी देतो. एक माणूस कसा आहे हे सांगता येते. दोन माणसे एकत्र आल्यावर काय होईल, हे दोघांपैकी कोणाच्याच प्रगतिपुस्तकात लिहिलेले नसते. कादंबऱ्यांत मी पुष्कळ लग्ने लावली आहेत आणि त्यांतली निम्मी मोडलीही आहेत. परंतु तिथल्या मोडतोडीची भरपाई कागदावरच होते.

असा मी गेल्या वर्षी एक सोयरीक जुळवायला निघालो. दोन्ही पक्ष निर्जीव होते. वर म्हणजे एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. हल्लीचे शौकीन त्याला ट्यूब ॲम्प्लिफायर म्हणतात. वधू म्हणजे लाउडस्पीकरची नवी कोरी जोडी. एका वराला दोन वधू हे ऐकून कोणी दचकू नये. स्टीरिओच्या धर्मशास्त्रात त्याला संमती आहे.

ॲम्प्लिफायर अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे गाव पेठ वडगाव. पेठ हा शब्द गावाच्या नावातच आहे, आणि गाव नावाला जागते. बाहेरगावची माणसे इथे सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी पाहायला येतात. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे बाजाराला येतात. लग्नसराईत ही माणसे इथे बस्ता बांधत आणि बस्ता बांधून झाला की अण्णांच्या दुकानात येऊन लाउडस्पीकर ठरवून जात. दुकान कसले, फळ्यांच्या दारांचा एक गाळा. दोन मोठी मशीने, सहा कर्णे, एक माईक, वायरची भेंडोळी आणि ध्वनिमुद्रिकांची पत्र्याची पेटी, एवढा संसार. लग्न, बारसे, जत्रा, गणपती, निवडणूक, कुस्त्यांचे मैदान, कशालाही अण्णांचा कर्णा लागे. लहानपणी मला वाटे, गावात जो काही आवाज होतो तो सगळा आमच्याच घरातून जातो.

आणि दिवसभर गावाला आवाज पुरवणारा हा माणूस घरी आला की मुका होई. आईने तीन गोष्टी विचारल्या तर एकीला उत्तर, तेही हुंकारात. मी मॅट्रिक झालो तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं झालं." मला शाळेत नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "सायकलला हवा भरून घे." माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा मी ती त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी केली, एक पान अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळून पाहिले आणि म्हणाले, "कागद चांगला हाय."

हे शेवटचे वाक्य मी पुष्कळ वर्षे मनात बाळगले. आपल्या मनातले सल आपण दिवाळीच्या फराळासारखे डब्यात घट्ट झाकण लावून ठेवतो. ते मऊ पडत नाहीत.

त्या मोठ्या मशीनांखेरीज अण्णांकडे एक लहान मशीन होते. ते कधी लग्नाला गेले नाही. आईला कर्ण्याच्या आवाजाने डोके दुखे. आवड मात्र गाण्याची, आणि त्यातही हिराबाई बडोदेकरांची. हिराबाई म्हणजे मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी. तेव्हा आमच्या बाजूला हिराबाई म्हणजे जवळजवळ माहेरचे माणूस. माझ्या जन्माआधी कधीतरी अण्णांनी कोल्हापूरच्या एका कारागिराकडून खास आईसाठी ते लहान मशीन बांधून घेतले. वर काचेचे चार व्हॉल्व्ह, मागे लोखंडी पट्ट्यांचे जड ट्रान्सफॉर्मर, पुढे एक गोल खुंटी. संध्याकाळी दिवेलागणीला आई देवापुढे निरांजन लावी आणि मग मशीनचे बटण दाबी. काचेतल्या तारा हळूहळू तांबड्या होत. त्या तापेपर्यंत गाणे लागत नसे. लहान असताना देवाजवळचा दिवा आणि हे दिवे यांत मला फारसा फरक वाटत नसे.

पुढे कॅसेटी आल्या, मग आणखी काही आले. मशीन माळ्यावर गेले. दुकानही मिटले. तीन वर्षांपूर्वी आई गेली. अण्णा आधी बोलत नव्हते आणि आताही बोलत नव्हते; परंतु या दोन मौनांत फरक होता. आधीच्या मौनाला समोर कोणीतरी होते. आता ते सोप्यात खांबाला टेकून बसत आणि रस्त्याकडे पाहत. जेवायला हाक मारली की येत. माझी पत्नी एकदा म्हणाली, "अहो, मामंजी दिवसभरात सात शब्द बोलले. मी मोजले."

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माळा साफ करताना ते मशीन हाती लागले, आणि मला वाटले की हे चालू करावे. अण्णांना बरे वाटेल. आपण एखाद्याला बरे वाटावे म्हणून जे करतो त्यात आपल्यालाच शाबासकी हवी असते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

गावात जुने रेडिओ दुरुस्त करणारा एक कारागीर अजून आहे. त्याने मशीन उलटे करून पाहिले आणि जुन्या ओळखीचा माणूस भेटावा तसा हसला. "गुरुजी, हे असंच लावू नका बरं का. कंडेन्सर वाळलेत. ह्यात अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळतात, आणि बंद केल्यावरही काही वेळ आत दबा धरून बसतात." त्याने वाळलेले कंडेन्सर बदलले, सुटलेल्या जागी नवे डाग दिले आणि आवाज उचलणारे दोन व्हॉल्व्ह नवे मागवले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी असे व्हॉल्व्ह आपल्याकडे बनवले; आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये होतात. काम चालू असताना मी शेजारी स्टुलावर बसून प्रश्न विचारीत होतो. वर्गात वीस वर्षे प्रश्न विचारल्यावर माणसाला दुसरे काही सुचत नाही.

व्हॉल्व्हची युक्ती मला त्याने पाटाच्या पाण्यावरून समजावली. पाटाला भरपूर पाणी असते. त्याच्या तोंडाशी एक फळी असते. ती फळी वरखाली करायला पोराच्या हाताचा जोर पुरतो. पण तेवढ्या हालचालीने सबंध पाट कमीजास्त होतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या पत्र्यातून विजेचे कण सुटतात, हे झाले पाणी. मध्ये तारेची बारीक जाळी असते, ही झाली फळी. ध्वनिमुद्रिकेवरून आलेला नाजूक इशारा त्या जाळीला हलवतो आणि पलीकडे त्याची थोरली आवृत्ती तयार होते. फ्लेमिंगने १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला. त्यात ही जाळी घालण्याची कल्पना ली डी फॉरेस्टला १९०६ मध्ये सुचली. नंतरची पन्नासएक वर्षे जगातला रेडिओ, बोलपट आणि कर्णा यांचा आवाज त्या जाळीतून गेला. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि त्याने हळूहळू या काचेच्या घराण्याला निवृत्त केले.

मशीन सज्ज झाले. आता लाउडस्पीकर हवे होते. एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचे थोडे मानधन आले होते, त्यात दिवाळीचा आगाऊ पगार घातला आणि शहरातल्या एका दुकानातून एक जोडी आणली. उंच, सडपातळ, अक्रोडी रंगाच्या दोन पेट्या. आमच्या सोप्यात त्या दोघी लग्नाला आलेल्या शहरी पाहुण्यांसारख्या अवघडून उभ्या राहिल्या. सोबतच्या कागदावर तीन आकडे होते: ८ ओहम, ८४ डेसिबल, १०० वॉट. पहिल्या दोहोंचा मला अर्थ कळला नाही. तिसऱ्याने मी दिपून गेलो. शंभर वॉट! मुलीकडचे घराणे भक्कम आहे, आणखी काय पाहायचे?

पाडव्याला पहाटे अभ्यंगस्नान झाले. फराळाची ताटे मांडली. मी अण्णांना पाटावर बसवले, काही न सांगता मशीन लावले आणि हिराबाईंची ध्वनिमुद्रिका फिरू लागली. मुलगा म्हणाला, "बाबा, आवाज कुठंय?"

आवाज होता, पण शेजारच्या गल्लीत कोणी गात असावे तसा. मी खुंटी वाढवली. तंबोरा घुमू लागला, सूर मात्र मागेच राहिला. आणखी वाढवली तेव्हा वरच्या षड्जाला आवाज चक्क फाटला, जुने धोतर फाटावे तसा. अण्णांनी चकलीचा तुकडा ताटात ठेवला. "जड हाय," असे दोनच शब्द बोलले आणि उठून सोप्यात जाऊन बसले.

"जड हाय." मी केलेल्या खर्चाला, खटपटीला आणि प्रेमाला एवढीच पोच. मला 'कागद चांगला हाय' आठवले. त्या दिवशी मी फराळ केला नाही, आणि केला नाही हे कोणाच्या ध्यानात येते का, ते पाहत राहिलो.

पुढचे दोन महिने मी हट्टाला पेटून या विषयाचा अभ्यास केला. अण्णांचे ते दोन शब्द चुकीचे आहेत हे मला सिद्ध करायचे होते. झाले उलटेच.

पहिल्यांदा शंभर वॉटांचा भ्रम फिटला. लाउडस्पीकरवर लिहिलेले वॉट ही त्याची ताकद नव्हे. तो किती सोसू शकतो त्याची ती मर्यादा. ताकद द्यायची ॲम्प्लिफायरने, आणि आमच्या मशीनची ताकद प्रत्येक बाजूला जेमतेम पाच वॉट. मग लाउडस्पीकरचा खरा गुण कोणता? तर तो दुसरा आकडा, डेसिबल. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर तो किती मोठ्याने बोलतो, याचे हे माप. इथे गणित मोठे गमतीचे आहे. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात आणि दहा वाढवायला दहापट. म्हणजे ९४ डेसिबलची पेटी पाच वॉटांत जे काम करील, तेच करायला ८४ डेसिबलच्या पेटीला पन्नास वॉट हवेत. माझी वधू सुंदर होती, पण तिच्याशी बोलायला वराला दहापट ओरडावे लागत होते. आणि ओरडताना त्याचा गळा फाटत होता.

दुसरी गोष्ट ओहमची. विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचे हे माप ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो गेओर्ग ओहम जर्मनीतल्या कलोन शहरात शाळेत गणित शिकवत असे आणि १८२७ साली त्याने आपला नियम पुस्तकात छापला, हे वाचून मला उगीचच आनंद झाला. जातभाई निघाला! आमच्या मशीनमधला व्हॉल्व्ह हा मोठ्या दाबाचा पण थोड्या प्रवाहाचा धनी. त्याला समोर पाच हजार ओहमच्या आसपास भार हवा असतो. लाउडस्पीकर असतो आठ ओहमचा. त्या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे मागचा तो जड ट्रान्सफॉर्मर.

आमच्या कोल्हापूर भागात पूर्वी गुऱ्हाळावर बैलाचा चरक असे. बैल लांब आडव्या लाकडाला जुंपून मोठ्या रिंगणात फिरत. मध्ये चरक सावकाश पण जबर जोराने ऊस चेपी. बैलाला थेट चरकाला जुंपले असते तर ऊस हलला नसता आणि बैल मात्र मेला असता. ट्रान्सफॉर्मर म्हणजे ते लांब लाकूड. त्याच्या एका बाजूचे तारेचे वेढे दुसऱ्या बाजूच्या पंचवीसपट असले की ओहम पंचवीसच्या वर्गाने, म्हणजे सहाशे पंचवीसपट बदलतात. आणि आठ गुणिले सहाशे पंचवीस बरोबर पाच हजार. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा दहावीच्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलेही पुढे वाकली. पण हा हिशेब बिघडायलाही वेळ लागत नाही. कागदावर आठ ओहम लिहिलेली पेटी सर्व सुरांना आठ नसते. काही ठिकाणी ती वीसवर चढते, काही ठिकाणी चाराच्याही खाली उतरते. चाराला उतरली की व्हॉल्व्हला पाच हजारांच्या जागी अडीच हजार दिसतात. जणू बैलाचे लाकूडच कोणी आखूड केले.

तिसरी गोष्ट घुमण्याची. तबल्यावर थाप मारली आणि तळवा टेकवला की घुमारा तिथेच थांबतो. ॲम्प्लिफायरचा असाच एक अदृश्य तळवा लाउडस्पीकरच्या पडद्यावर टेकलेला असतो. ट्रान्झिस्टरचा तळवा सहसा जड, व्हॉल्व्हचा हलका. जड तळव्याच्या भरवशावर घडवलेली पेटी हलक्या तळव्याखाली आली की घुमतच राहते. पाडव्याला तंबोरा घुमला तो असा.

एकूण काय, छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले तरी चालते म्हणतात. इथे तीनांपैकी एकही जुळला नव्हता. अण्णांनी दोन शब्दांत सांगितलेले समजायला मला दोन महिने लागले. तरीही मी ते त्यांच्याकडे जाऊन कबूल केले नाही.

पौषातली एक रात्र. मी सोप्यात एकटाच मशीनशी खटपट करीत बसलो होतो. मागे चार, आठ, सोळा अशा आकड्यांचे स्क्रू आहेत. आठाच्या स्क्रूवरची वायर चाराला लावून पाहावी म्हणून मी गाणे चालूच ठेवून ती सोडवली. आवाज थांबला. पण पूर्ण थांबला नाही. मशीनच्या पोटातून एक बारीक, चिरका सूर येऊ लागला. ट्रान्सफॉर्मरच गात होता. मी कौतुकाने कान लावला.

"बंद कर! आधी बंद कर ते!"

अण्णा दारात उभे होते. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी स्वतःच पुढे होऊन बटण दाबले. तारा विझेपर्यंत ते तसेच हात धरून उभे राहिले.

"भार न्हाई त्येला," ते म्हणाले. "वायर काढलीस न्हवं? मग आतलं जाईल कुठं? बाहेर घ्यायला कोण न्हाई, म्हंजे ते आतल्या आत वाढतंय. दाब चढत जातोय आन् सोताचीच तार जाळून घेतंय. जास्ती कामानं न्हाई मरत हे मशीन. भार न्हाई म्हणून मरतंय."

ते खाली बसले आणि बोलू लागले. तरुणपणी एका जत्रेत बैलगाडीच्या चाकाखाली वायर तुटली आणि कर्णे बंद पडले. अण्णा वायर शोधत शेतातून पळत राहिले, मशीन चालूच राहिले आणि परत येऊन पाहतात तो ट्रान्सफॉर्मर जळून वास सुटलेला. वर्षाची कमाई गेली. मग त्यांनी कर्ण्यांचा हिशेब सांगितला. कर्णा सोळा ओहमचा. एक असला की सोळाच्या स्क्रूला, दोन जोडीने लावले की आठाच्या, चार लावले की चाराच्या. "भोंगा वाढला की आकडा निम्म्यानं उतरवायचा. मला कुणी शिकवलं न्हाई. दोन मशीनं जाळली तवा कळलं." ओहमचा नियम मी पुस्तकात वाचला होता, त्यांनी किंमत देऊन घेतला होता.

मी विचारले, "पाडव्याला तुम्ही 'जड हाय' म्हणालात, ते पेटीबद्दल होय?"

"मग कशाबद्दल? भोंगा जड हाय. मशीन बारकं हाय. त्येला हलका भोंगा लागतो." मग थोडे थांबून म्हणाले, "तू जेवला न्हाईस त्या दिवशी."

मी मान खाली घातली. पाहिले होते तर. एवढ्या हलक्या आवाजात त्यांनी ते इतके दिवस धरून ठेवले होते, आणि मला ऐकूच गेले नव्हते.

"मग आईच्या वेळचे भोंगे कुठं गेले?" मी विचारले.

अण्णा हसले. कंदील घ्यावा तसा माझा फोन उजेडासाठी हातात घेतला आणि मला मागच्या खोलीत नेले. कोपऱ्यात जुन्या गोधड्यांची चळत होती. ती चळत ज्या दोन लाकडी पेट्यांवर होती, त्यांकडे मी चाळीस वर्षे पाहत आलो होतो. आई त्यांना 'गोधड्यांची पेटी' म्हणायची. आम्ही गोधड्या उतरवल्या. पेटीच्या भिंतीकडच्या बाजूला जाळीचे कापड होते, आणि कापडामागे बारा इंची कागदी पडदा. उंदरांनी कापड कुरतडले होते. पडद्याला हात लागला नव्हता. पडद्याची कड फोमची असती तर केव्हाच भुगा झाली असती. ही कापडाची होती म्हणून टिकली. अण्णांनी बोटाच्या टोकाने पडदा हलकेच दाबला. तो सहज आत गेला आणि सहज बाहेर आला. "बघ," ते म्हणाले, "फुंकर मारली तरी हलतोय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पेट्या सोप्यात आणल्या. कारागीरही आला. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "सोळाचं दिसतंय." अण्णांनी वायरचे टोक दातांनी सोलले आणि कोणाकडे न पाहता ते सोळाच्या स्क्रूला बांधले. खुंटी पाडव्याच्याच खुणेवर ठेवून मी मशीन लावले.

हिराबाई खोलीत आल्या. याहून वेगळे मला सांगता येत नाही. आवाज मोठा झाला म्हणावे तर ते खरेच होते. फोनवरच्या मापकाने दहाएक डेसिबलचा फरक दाखवला. पण मोठेपणाची ती गोष्टच नव्हती. सूर उमटण्याआधीचा श्वास ऐकू आला. तंबोरा मागे बसला, तबला बाजूला बसला, आणि पाच वॉटांच्या त्या बापड्या मशीनला घाम म्हणून फुटला नाही.

अण्णांनी हात पुढे केला आणि खुंटी उलटी फिरवून आवाज निम्म्यावर आणला.

"कमी का केलात?" मी विचारले.

"तुझी आई एवढाच ठेवायची," ते म्हणाले.

मागाहून मी हिशेब केला. त्या खुणेवर मशीन एक वॉटसुद्धा देत नसावे. आईला आयुष्यभर तेवढेच पुरले. अण्णांचे हुंकार, 'बरं झालं', 'हवा भरून घे', सगळे तिला लख्ख ऐकू येत असे. एकदा मी तिच्याकडे तक्रार केली होती की अण्णांना माझ्या कादंबरीचे काही वाटले नाही. ती म्हणाली होती, "अरे, चार दिवस उशाशी घेऊन निजलेत." मला वाटले, ती माझी समजूत काढते आहे. आज वाटते, आमच्या घरात कमी वॉटांचा माणूस एकच होता, आणि मी स्वतःला शंभर वॉटांचा समजून ८४ डेसिबलवर उभा होतो.

आता न्यायाची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या अक्रोडी पेट्या वाईट नव्हत्या. माझ्या मुलाने साठवलेल्या पैशांतून एक ट्रान्झिस्टरचा दणकट ॲम्प्लिफायर आणला आणि त्या पेट्या आपल्या खोलीत नेल्या. तिथे त्या अशा खणखणीत बोलतात की मला दार लावून घ्यावे लागते. त्याच त्या पेट्या. जोडीदार तेवढा वेगळा. पाडव्याच्या त्या सकाळी दोष वराचा नव्हता, वधूंचा नव्हता. कुंडली न वाचता अक्षता टाकणाऱ्याचा होता.

अण्णा आता पूर्वीपेक्षा फार बोलतात असे नाही. पण रोज दिवेलागणीला ते मशीनजवळ बसतात, आणि मी त्यांना काहीतरी विचारतो: अमक्या जत्रेत किती कर्णे लावले होते, तमक्या निवडणुकीत मशीन कोणी पळवले होते. विचारले की ते सांगतात. भार लागला की मशीन शांत चालते, हे मला ठाऊक झाले आहे. माझी पत्नी आता शब्द मोजत नाही.

परवा प्रकाशकाकडून नव्या कादंबरीची प्रत आली. मी ती अण्णांच्या हातात दिली. त्यांनी पान अंगठ्याने चोळून पाहिले. मी खुंटीवरचा हात काढला आणि कान देऊन बसलो.

"ह्याचा कागद," ते म्हणाले, "मागच्यापेक्षा चांगला हाय."